एका दातावरून किती सांगता येतं? नामशेष सस्तन प्राण्यांचं वर्गीकरण

प्रश्न असा आहे: जबड्याचा एखादा तुकडा, दोन-चार सुटे दात आणि फार तर अर्धी कवटी एवढ्यावरून नामशेष सस्तन प्राणी कोणत्या गटातला हे कसं ठरवतात, आणि त्या निष्कर्षावर किती भरवसा ठेवायचा?

गण (ऑर्डर) आणि कुल (फॅमिली) इथपर्यंत बऱ्याचदा खात्रीने पोहोचता येतं. प्रजातीपर्यंत (जीनस) जायला चांगला नमुना लागतो आणि जातीपर्यंत (स्पीशीज) जायला एकापेक्षा जास्त नमुने. चुका बहुतेक एकाच ठिकाणी होतात. दाताचा आकार आधी सांगतो ती गोष्ट म्हणजे प्राणी काय खात होता. तो कोणाच्या वंशातला हे कळायला तो दात जबड्यात नेमका कितवा, त्याची मुळं किती, एनॅमलची, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणाची, आतली वीण कशी आणि कानाभोवतीची हाडं कशी, हे पाहावं लागतं. आकारावर भाळून ही तपासणी पुढे ढकलली की चूक होते.

दातांना एवढं महत्त्व मिळतं ते त्यांच्या टिकाऊपणामुळे. एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, म्हणून सांगाड्याचं बाकी सगळं विरलं तरी दात उरतो. शिवाय आयुष्यभर वाढणारे काही दात सोडले तर दाताचा शेंडा, म्हणजे मुळांच्या वरचा भाग, हिरडीबाहेर येण्याआधीच पूर्ण तयार झालेला असतो. हाडासारखा तो नंतर वाढत नाही किंवा नव्याने घडत नाही, फक्त झिजतो. त्यामुळे पिल्लाच्या आणि म्हाताऱ्या प्राण्याच्या त्याच क्रमांकाच्या कायमच्या दाढेची तुलना करता येते. कवटीची तशी करता येत नाही.

ओळख पटवण्याआधी नमुना सांभाळायचा. दगड काढताना घाई झाली तर सगळ्यात आधी जाते ती कानाजवळची नाजूक हाडं आणि दात गळून गेलेल्या रिकाम्या खोबण्या. दोन्हींत माहिती भरलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली सुईने, थोडं थोडं काढावं. ठिसूळ भागाला अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पातळ पॅरॅलॉइड बी-७२ (मजबुती देणारं अ‍ॅक्रिलिक रेझिन) द्यावं, कारण ते पुन्हा अ‍ॅसिटोननेच काढता येतं. झटपट चिकटणारा डिंक दाताच्या चावण्याच्या पृष्ठभागावर कधीही लावू नये. झिजेच्या खुणा आणि सूक्ष्म ओरखडे त्याखाली बुजतात. चुनखडीतला नमुना असेल तर ५ ते १० टक्के अ‍ॅसिटिक आम्ल वापरतात. त्यात कॅल्शियम फॉस्फेट मिसळलेलं हवं, नाहीतर दगडाबरोबर हाडही खाल्लं जातं. आम्लातून काढल्यावर, जितका वेळ तो आम्लात होता त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ नमुना पाण्यात ठेवावा. उंदीर-चिचुंद्रीच्या आकाराचे दात हवे असतील तर माती ०.५ मिमी जाळीतून धुवावी. १ मिमीच्या जाळीतून सगळ्यात लहान दात निघून जातात आणि मग त्या थरात लहान प्राणी नव्हतेच असं चित्र उभं राहतं.

आता मुख्य काम. हातात आलेला दात कोणता? वरचा की खालचा, डावा की उजवा, उपदाढ (सुळा आणि दाढ यांच्या मधला दात) की दाढ, कितवा, आणि दुधाचा की कायमचा? या पाच गोष्टी ठरेपर्यंत तुलनेचं पुस्तक उघडूच नये. एकदा एखाद्या चित्राशी साम्य दिसलं की डोळा तेच शोधत राहतो.

वरची दाढ साधारणपणे रुंद आणि तीन मुळांची, खालची अरुंद आणि पुढे-मागे अशा दोन मुळांची. आद्य प्रकारच्या दाढेचा आराखडा पाठ असेल तर बाकीचं सोपं जातं. वरच्या दाढेत तीन मुख्य उंचवटे: बाहेरच्या, म्हणजे गालाच्या बाजूला पुढे पॅराकोन, मागे मेटाकोन, आणि जिभेच्या बाजूला प्रोटोकोन. खालच्या दाढेचा पुढचा भाग उंच आणि तीन टोकांचा, त्याला ट्रायगोनिड म्हणतात. मागचा बुटका आणि खोलगट, तो टॅलोनिड. तोंड मिटलं की वरचा प्रोटोकोन खालच्या टॅलोनिडच्या खळग्यात बसतो, खलबत्त्यासारखा. म्हणजे खालच्या दाढेची उंच बाजू पुढची. पुढची बाजू कळली आणि गालाची बाजू कळली की डावं-उजवं आपोआप ठरतं. झीज असेल तर तीही मदत करते: आडवं चावणाऱ्या प्राण्यांत वरच्या दाढेची जिभेकडची आणि खालच्या दाढेची गालाकडची बाजू जास्त झिजते.

फार जुन्या, डायनासोरांच्या काळातल्या दातांबाबत मात्र हा नियमही डोळे झाकून लावायचा नाही. चीनमधल्या शुओथेरियमच्या खालच्या दाढेत खळग्याचा भाग तीन टोकांच्या मागे नसून पुढे आहे. असा सुटा दात हाती आला आणि आराखडा डोक्यात पक्का बसलेला असला, तर तो उलटा धरून वाचला जाईल.

दुधाचे दात हा सगळ्यात महागात पडणारा सापळा आहे. शेवटची दुधाची उपदाढ दिसायला दाढेसारखीच असते. तिचं एनॅमल पातळ, शेंडा बुटका, मुळं खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा देण्यासाठी फाकलेली, आणि बरेचदा त्या मुळांची टोकं विरघळलेली. हे न पाहता तिला दाढ समजलं की ‘बुटक्या दातांची, आदिम, नवी जाती’ जन्माला येते. गाय-हरणांच्या वंशात एक नेमकी खूण आहे. खालची शेवटची दुधाची उपदाढ आणि खालची तिसरी दाढ, दोन्हींना तीन पाळ्या असतात. दाढेत तिसरी, जादाची पाळी मागच्या टोकाला आणि लहान असते. दुधाच्या दातात जादाची पाळी पुढच्या टोकाला असते आणि पाळ्या मागे मोठ्या होत जातात. मांसभक्षी गणात तर कात्रीसारखी चालणारी दुधाची जोडी कायमच्या जोडीच्या एक घर पुढे असते: वर तिसरी आणि खाली चौथी दुधाची उपदाढ.

झीज किती फसवू शकते याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९२२ साली जीवाश्मतज्ज्ञ हेन्री फेअरफिल्ड ऑस्बॉर्न यांनी अमेरिकेतल्या नेब्रास्कामधल्या एका झिजलेल्या दाढेवरून हेस्परोपिथेकस नावाचा कपी जाहीर केला. पुढे त्याच भागात आणखी नमुने मिळाल्यावर १९२७ साली ते मत मागे घेतलं गेलं. तो दात डुकरासारख्या पेकरीच्या नामशेष नातलगाचा होता. बोथट उंचवट्यांच्या दाढा डुक्कर, अस्वल, माकड अशा मिश्राहारी प्राण्यांत स्वतंत्रपणे आलेल्या आहेत, आणि उंचवटे झिजून सपाट झाले की फरक दाखवणाऱ्या बारीक कडाच नाहीशा होतात. अर्ध्यापेक्षा जास्त झिजलेल्या एकुलत्या एका दाताला नाव देऊ नये, हा माझ्या मते न मोडण्याचा नियम आहे.

घोड्यांच्या वंशातही झीज गोंधळ करते. हिप्परियन या नामशेष घोड्याच्या वरच्या दाढेत प्रोटोकोन सुट्या बेटासारखा दिसतो, तर इक्वस या आजच्या घोड्याच्या प्रजातीत तो उरलेल्या दाताला जोडलेला. ओळखीची पहिली खूण हीच. पण हिप्परियनचा दात तळापर्यंत झिजला की ते बेटही जोडलेलं दिसू शकतं, आणि एनॅमलच्या चुण्या तर त्याआधीच कमी होतात. म्हणून उंच शेंड्याच्या दातांत मोजमापाबरोबर शिल्लक शेंड्याची उंची लिहायलाच हवी, आणि शक्य असेल तिथे लांबी-रुंदी शेंड्याच्या अर्ध्या उंचीवर घ्यावी.

जबड्यातले दात गेले असतील तरी निराश व्हायचं कारण नाही. रिकाम्या खोबण्या मोजता येतात. फक्त एक खोबण म्हणजे एक दात नव्हे. दोन मुळांच्या दाताला दोन खोबण्या लागतात, आणि एकाच दाताच्या मुळांमधली भिंत शेजारच्या दोन दातांमधल्या भिंतीपेक्षा सहसा बुटकी असते. या भिंतींची उंची नीट पाहिली तर आठ खोबण्यांतून दात चार होते की पाच, हे सुटतं.

संख्या आणि जागा यांना मी आकारापेक्षा जास्त वजन देतो, त्याचं कारण थायलॅसिन आणि लांडगा यांच्या कवट्या शेजारी ठेवल्या की दिसतं. लांबून दोन्ही सारख्याच. थायलॅसिन टास्मानियातला शिशुधान, म्हणजे पिल्लू पोटावरच्या पिशवीत वाढवणाऱ्या गटातला प्राणी, शेवटचा १९३६ साली गेला. लांडग्याला वर-खाली प्रत्येक बाजूला तीन पटाशीचे दात, एक सुळा, चार उपदाढा, आणि दाढा वर दोन, खाली तीन; एकूण ४२. थायलॅसिनला पटाशीचे दात वर चार, खाली तीन, सुळा एक, उपदाढा तीन आणि दाढा चार, एकूण ४६. लांडग्यात कापणारी जोडी एकच आणि तिच्यामागे चिरडणाऱ्या दाढा. थायलॅसिनमध्ये चारही दाढा जवळजवळ एकाच साच्याच्या. कवटी उलटी केली की टाळूत मागच्या बाजूला मोठ्या फटी दिसतात, आणि खालच्या जबड्याचा मागचा कोपरा आत वळलेला असतो. बहुतेक शिशुधान प्राण्यांची ही खूण आहे. कोआला त्याला अपवाद, म्हणून ही एकच खूण पुरेशी मानायची नाही.

मांसभक्ष्यांमध्ये कात्रीची जोडी कोणत्या दातांची बनली आहे, यावर सगळं वर्गीकरण उभं राहतं. कुत्रा, मांजर, अस्वल, तरस यांच्या गणात ती वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ. नामशेष ऑक्सिएनिडांमध्ये ती वरची पहिली आणि खालची दुसरी दाढ. हायनोडॉन्ट या दुसऱ्या नामशेष मांसभक्षी गटामध्ये मुख्य जोडी वरची दुसरी आणि खालची तिसरी दाढ. पाती पाहिली तर तिन्ही सारखीच धारदार. जागा पाहिली की कळतं, हे हत्यार वेगवेगळ्या दातांतून पुन्हा पुन्हा घडलं आहे. सुळ्यांचंही तेच. लांब तलवारीसारखे सुळे मार्जारकुलातल्या स्मायलोडॉनला होते, मांजरांशी साम्य असलेल्या पण वेगळ्या निमरॅव्हिडांना होते, आणि दक्षिण अमेरिकेतल्या थायलॅकोस्मायलसलाही होते. हा तिसरा तर शिशुधान प्राण्यांचा नातलग. त्याचे सुळे आयुष्यभर वाढत राहत; स्मायलोडॉनचे ठरावीक लांबीला थांबत. सुळ्याच्या मुळाचं टोक बंद आहे की उघडं, एवढं पाहिलं तरी हे दोघे वेगळे काढता येतात.

हत्तींच्या वंशात दाताचा साचा बदलत गेला तो मोजता येण्याजोगा आहे. अमेरिकन मॅस्टोडॉनच्या शेवटच्या दाढेवर चार-पाच जाड वरंबे. युरोपातल्या सुरुवातीच्या मॅमथच्या शेवटच्या दाढेत साधारण १२ ते १४ पट्ट्या, आणि शेवटच्या केसाळ मॅमथमध्ये २० ते २८. पट्ट्यांची संख्या, १० सेंमी लांबीत किती पट्ट्या बसतात, आणि एनॅमलची जाडी ही तीन मापं एकत्र लिहायची. यातलं एकच माप घेतलं तर मधल्या पिढ्यांचे नमुने वाटेल तिकडे पडतात. हत्तीचे दात मागून पुढे सरकतात आणि पुढचे झिजून तुटून पडतात, म्हणून पुढून तुटलेल्या दाढेची पट्टीसंख्या पूर्ण समजायची नाही. सुळ्याचा तुकडा असेल तर आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या रेषा पाहाव्यात. बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन ९० अंशांखाली असेल तर मॅमथ, ११५ अंशांवर असेल तर आजचे हत्ती. मधल्या कोनांवर निकाल द्यायचा नाही. आतल्या गाभ्याजवळ मॅमथचाही कोन मोठा होतो, म्हणून मोजणी बाहेरच्या कडेलाच.

कवटी मिळाली असेल तर मी आधी तिचा चेहरा पाहत नाही, तळ पाहतो. चेहरा, गालाच्या कमानी, डोक्यावरची उभी कड हे सगळं चावण्याच्या पद्धतीबरोबर आणि वयाबरोबर भराभर बदलतं. कानाचा भाग हळू बदलतो. सस्तन प्राणी ही ओळखच मुळात तिथून सुरू होते: खालचा जबडा एकाच हाडाचा, आणि सरपटणाऱ्या पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातली दोन हाडं कानात गेलेली. मॉर्गॅन्युकोडॉन या सस्तन प्राण्यांच्या अगदी सुरुवातीच्या नातलगामध्ये जुना आणि नवा दोन्ही सांधे शेजारी शेजारी दिसतात.

कानाचं सगळ्यात सुंदर उदाहरण देवमाशांचं. त्यांच्या मध्यकर्णाला झाकणाऱ्या हाडाच्या गोलकाची आतली कड अतिशय जाड आणि घट्ट असते. तिला इन्व्होल्युक्रम म्हणतात. पाकिकेटस हा जमिनीवर पाय असलेला प्राणी १९८१ साली देवमाशांच्या वंशात ठेवला गेला त्यात कवटीच्या या भागाचा मोठा वाटा होता. पुढे जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटच्या परिसरातून ए. रंगा राव यांनी जमवलेल्या नमुन्यांत इंडोह्यूस या हरणाएवढ्या नव्हे, मांजरीएवढ्या खुरी प्राण्याची कवटी साफ करताना चुकून तुटली, आणि त्या तुटलेल्या कडेत तीच जाड आतली कड दिसली. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. नुसत्या दाढांवरून हे नातं इतकं ठामपणे कोणी मांडलं नसतं. आज असा नमुना सीटी स्कॅनने न तोडता पाहता येतो, आणि साफसफाईच्या आधी स्कॅन करून घेणं कधीही चांगलं.

इतर काही खुणा झटपट कामाच्या आहेत. पटाशीच्या दातावर एनॅमल फक्त पुढच्या बाजूला असेल तर उंदरांचा गण. सगळीकडून असेल आणि वर मोठ्या जोडीमागे छोटी जोडी असेल तर सशांचा. उंदरांच्या गणात डोळ्याच्या खोबणीपुढचं छिद्र पाहावं. चघळण्याचा स्नायू त्यातून जातो का आणि किती, यावर मोठे गट ओळखता येतात. मात्र ही रचनाही एकापेक्षा जास्त वेळा उद्भवली असल्यामुळे सोबत एनॅमलची सूक्ष्म वीण तपासावी. हरणाच्या कुलात डोळ्याच्या कडेवर अश्रुनलिकेची सहसा दोन छिद्रं, गाय-काळवीट-शेळीच्या कुलात सहसा एक.

आता मोजमापं आणि जाती. दोन आकारांचे दात मिळाले म्हणजे दोन जाती झाल्या असं नाही. त्याच क्रमांकाच्या दातांची लांबी-रुंदी ०.०१ मिमी दाखवणाऱ्या कॅलिपरने तीनदा मोजा, सरासरी आणि प्रमाण विचलन काढा, विचलनाला सरासरीने भागून १०० ने गुणा. एका जातीत दाढांसाठी हा आकडा साधारण ४ ते १० च्या मध्ये पडतो. १० च्या वर गेला तर दोन जाती किंवा नर-मादी फरक, दोन्ही शक्यता उघड्या ठेवायच्या. शेवटची दाढ मुळातच जास्त बदलती असते, म्हणून हिशेब पहिल्या किंवा दुसऱ्या दाढेवर करावा. सुळ्यांवर कधीच नाही. नर-मादी फरक तिथेच सगळ्यात जास्त दिसतो. पाच-सहा नमुन्यांवरचा आकडा फारसा बोलत नाही, हेही लिहून टाकावं. अनेक लाख वर्षांत साचलेल्या थरातले नमुने एकत्र मोजले तर एकाच जातीचा आकडा फुगतो.

नर-मादी फरक आणि तुटका जबडा मिळून काय करतात ते शिवालिकमध्ये दिसलं. १९३२ साली वरच्या जबड्याचा एक तुकडा सापडला, त्याला रामापिथेकस नाव मिळालं. मधला भाग नव्हता, तरी दातांची रांग माणसासारखी कमानदार मानून जोडली गेली. लहान सुळे आणि जाड एनॅमल धरून त्याला कित्येक वर्षं माणसाचा पूर्वज म्हटलं गेलं. पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावरच्या सिवापिथेकस या नामशेष कपीच्या चेहऱ्याचं वर्णन १९८२ साली आलं. तो चेहरा ओरांगउटानसारखा होता, आणि रामापिथेकस म्हणजे सिवापिथेकसचेच लहान चणीचे, बहुधा मादीचे नमुने ठरले. जबड्याची मध्यरेषा शिल्लक नसेल तर रांगेचा आकार रेखाटू नये, आणि रेखाटलाच तर तुटक रेषेने.

नाव देताना आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेचं बंधन आहे. १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या जातीसाठी नामधारक नमुना (ज्याच्याशी ते नाव कायमचं जोडलं जातं तो) स्पष्टपणे नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे ते सांगावं लागतं. जुनं वैध नाव टिकतं, ते चुकीच्या अर्थाचं असलं तरी. बॅसिलोसॉरस या नामशेष देवमाशाच्या नावाचा अर्थ ‘राजा सरडा’. १८३४ साली त्याला सरपटणारा प्राणी समजलं गेलं. रिचर्ड ओवेन यांनी दाढांना दोन मुळं आहेत हे पाहून तो सस्तन असल्याचं दाखवलं आणि नवं नावही सुचवलं, पण प्राधान्य जुन्यालाच राहिलं. नवं नाव देण्याइतका पुरावा नसेल तर खुली नोंद करायची: प्रजाती कळली, जाती नाही, किंवा अमक्याशी तुलना करण्याजोगा, किंवा फक्त कुल. पंधरा पेट्यांवर फक्त कुलाचं नाव असलेला संग्रह मला चुकीच्या जातिनामांच्या संग्रहापेक्षा कितीतरी उपयोगी वाटतो.

वंशवृक्ष काढायचा असेल तर गुणांचा, म्हणजे तुलनेसाठीच्या शारीरिक लक्षणांचा, तक्ता भरताना दोन चिन्हं वेगळी ठेवा: भाग मिळाला नाही तेव्हा प्रश्नचिन्ह, आणि तो गुण लागूच पडत नाही तेव्हा आडवी रेघ. दात मुळातच नसलेल्या प्राण्याच्या ‘उंचवट्यांची संख्या’ रकान्यात शून्य भरलं तर संगणक सगळ्या बिनदातांच्या प्राण्यांना भावंडं करतो. आणखी एक, दाढेच्या एकाच बदलातून पाच मापं बदलत असतील तर ती पाच गुण म्हणून मोजू नका. एका आहाराच्या सवयीला पाच मतं मिळतात.

हाडं दमली की कधीकधी प्रथिनं मदतीला येतात. दक्षिण अमेरिकेतले टॉक्सोडॉन आणि मॅक्रॉकेनिया हे नामशेष खुरी प्राणी कुठे बसवायचे यावर दात आणि कवटीवरून दीर्घ काळ एकमत नव्हतं. २०१५ साली त्यांच्या हाडांतल्या कोलॅजेनवरून ते घोडा-गेंडा-टेपिर यांच्या जवळचे ठरले. हे फारच जुन्या नमुन्यांत चालत नाही, पण चालण्यासारखं असेल तर नमुन्याचा एखादा तुकडा रसायन न लावता बाजूला ठेवायला विसरू नये.

ज्यांचा निकाल अजून पूर्ण लागलेला नाही त्यांत अँड्र्यूसार्कस आहे. १९२३ साली आतल्या मंगोलियात एकच कवटी मिळाली, लांबी सुमारे ८३ सेंमी. दातांच्या ठेवणीवरून तिला आधी मेसोनिकिड या नामशेष मांसाहारी गटामध्ये ठेवलं, आता ती एंटेलोडॉन्ट (डुकरासारखे दिसणारे नामशेष प्राणी) आणि त्यांच्या खुरी नातलगांजवळ ठेवली जाते. तिचा खालचा जबडा आणि घोट्याचं हाड हाती नाही. घोट्याला दोन्ही टोकांना चाकासारखी खाच दिसली असती तर सम खुरांच्या गटाचा प्रश्न एका दिवसात मिटला असता.